मधल्या फळीत दम नाही

“आज सहा वाजता अध्यक्षांना घाम फोडला नाही, तर दुकानावरची पाटी उतरवून ठेवीन!”

ही गर्जना चष्मेवाल्यांनी सकाळच्या चहासमोर केली. चष्मेवाले म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. गेली बावीस वर्षं ते लोकांचे डोळे तपासतायत आणि गेली बावीस वर्षं दर शनिवारी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गुंडाळून आपल्या क्लबचा सामना बघायला जातायत. यंदा मात्र त्यांचा राग नाकावरून उतरून थेट जिभेवर येऊन बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

तुम्हीच सांगा! चौतीस सामने, सात विजय, एकोणीस पराभव. अठरा संघांत सोळावा नंबर. शेवटचे दोन संघ खालच्या विभागात जातात. आपले हिरवे वाचले ते एका गोलाच्या फरकानं, आणि तो गोलसुद्धा आपल्या माणसानं केलेला नाही! समोरच्या संघातल्या एका भल्या माणसानं चेंडू डोक्यानं स्वतःच्याच जाळ्यात ढकलला, म्हणून अब्रू राहिली. बरं, वाचलात तर गप्प बसा! पण नाही. कोच दुसऱ्या दिवशी टीव्हीवर आला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “हा संक्रमणाचा काळ आहे. पाया रचला जातोय. भविष्य उज्ज्वल आहे.”

“उज्ज्वल!” चष्मेवाल्यांनी कप आपटला. “हा कोच राहिला तर पुढच्या वर्षी आपण खालच्या विभागात, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याही खाली, आणि तिसऱ्या वर्षी मैदानावर कोबी लावतील!”

आणि याच कोचला आणखी तीन वर्षं ठेवायचा ठराव आज सभासदांच्या सभेत यायचा होता. क्लबचा नियम असा, की एकाही सभासदानं उभं राहून हरकत घेतली, तर चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यावंच लागतं. चिठ्ठ्या पडल्या की कोच गेलाच, कारण स्टँडमध्ये त्याला शिव्या न देणारा माणूस औषधालाही सापडत नव्हता. फक्त अध्यक्षांच्या डोळ्यांत बघून उभं राहण्याची हिंमत कुणाची नव्हती. चार पत्रं पाठवून चष्मेवाल्यांनी भाषणासाठी पाच मिनिटं मिळवली होती. स्टँडमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, बँकेतल्या कॅशियर मित्रानं तर शब्द दिला होता, “तू हरकत घे, मी तुझ्या मागोमाग हात वर करतो. आधी नाही हां, मागोमाग!”

“सहाला खुशाल जा,” बायको म्हणाली. “पण आधी कपाटाचं दार. पाचला बाबांना घेऊन येतेय मी.”

आतल्या खोलीतलं भिंतभर कपाट सासऱ्यांनी लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातांनी केलेलं. सासरे आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवत होते. कपाटाला अठरा वर्षांत कधी काही झालं नव्हतं. पण शेवटून दुसऱ्या सामन्यात एकोणनव्वदाव्या मिनिटाला आपल्याच बचावपटूनं गोलसमोर चेंडू हातानं अडवला, समोरच्यांना पेनल्टी मिळाली, सामना गेला, आणि चष्मेवाल्यांनी मफलर कपाटात भिरकावून दार असं आपटलं, की वरची बिजागरी तुटून हातात आली. ते दार तेव्हापासून मान मोडल्यासारखं लोंबकळत होतं.

“फक्त बिजागरी बदलायची,” बायकोनं बोट नाचवून सांगितलं. “सुताराला बाकी कशालाही हात लावू द्यायचा नाही. बाबांना कळता कामा नये. लक्षात राहील ना?”

“अगं, मी आहे ना!” चष्मेवाले म्हणाले.

ते होते, हाच तर सगळा घोटाळा झाला!

सुतार एक वाजता आला. दार उघडताच चष्मेवाल्यांची नजर त्याच्या डोक्यावरच्या टोपीवर गेली आणि चेहरा खुलला. टोपी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती!

“अरे! तुम्हीही आपलेच का?” टोपीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

सुतारानं टोपी काढली, उलटसुलट पाहिली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. “हो तर. वीस वर्षं झाली. दुसरं कुठलं बघितलंच नाही.”

“वीस वर्षं! मग यंदाचं काय म्हणता?”

“यंदा काही खरं नाही, साहेब. पूर्वीची पकड राहिली नाही.”

“पकड! अगदी बरोबर! पकडच नाही!”

“वरचे लोक भेसळ करायला लागले, दुसरं काय,” सुतार म्हणाला.

चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे खिशातून भाषणाचा कागद काढला आणि ‘भेसळ’ हा शब्द लिहून दोनदा अधोरेखित केला. इतका जाणकार माणूस स्टँडमध्येसुद्धा भेटला नव्हता! या आनंदात बिजागरीचा विषय मागे पडला. “कपाट आत आहे. तुम्ही जाणते आहात, काय खराब आहे ते बघा आणि मला सांगा,” एवढं म्हणून त्यांनी सुताराला आत सोडलं, मधलं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत आरशासमोर उभे राहून भाषण घोकायला सुरुवात केली.

“अध्यक्ष महाराज! चौतीस सामने आम्ही उन्हात बसून—”

“साहेब, एक सांगू का?” बंद दारापलीकडून आवाज आला.

“सांगा!”

“तुमच्या मधल्या फळीत दम नाही.”

चष्मेवाले थबकले. पाच महिने ते दुकानात, घरात, बसथांब्यावर हेच ओरडत होते आणि ऐकणारे जांभया देत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी आपणहून हे बोललं होतं. त्यांना भरून आलं.

“तुमच्या काय म्हणता? आपल्या म्हणा!”

“बरं, आपल्या. भार पेलत नाही तिला. वाकलीय.”

“वाकलीय? लोळण घेतलीय! सगळा भार मग मागच्या फळीवर!”

“मागची तर आतून पोखरलीय.”

“आतून पोखरलीय! वा!” कागदावर तेही गेलं. “आणि डावी बाजू पाहिलीत?”

“तेच सांगणार होतो. डाव्या बाजूला एवढी मोठी फट आहे. कुणीही आत शिरेल.”

“शिरतातच! चौतीस आठवडे शिरतायत!”

“झुरळं शिरलीत, साहेब.”

“झुरळंच आहेत ती!” चष्मेवाले कडाडले. समोरच्या संघांना इतकं समर्पक नाव त्यांना बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सुतारानं घसा खाकरला. “मग मधली बदलू या का?”

“नुसती मधली बदलून काय होणार? सगळ्या फळ्या मोडीत काढल्या पाहिजेत! मागची, मधली, पुढची, सगळ्या!”

“सगळ्या? आजच?”

“आज नाही तर कधी? आज गप्प बसलो तर पुढची तीन वर्षं हेच बघत बसायचं!”

“पण साहेब,” सुताराचा आवाज जरा हळवा झाला, “फळ्या काहीही असोत, बांधणी चांगली आहे. कुणीतरी मन लावून केलेली दिसतेय.”

संघाची बांधणी चांगली! चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच ते कोचचं पालुपद! तेच हा भला माणूसही बोलायला लागला!

“कसली बांधणी? ज्यानं ही बांधणी केलीय ना, त्याच्या नाकावर माझ्या दुकानातला सर्वांत जाड चष्मा चढवला पाहिजे! त्या माणसाला मी आज सगळ्यांसमोर उभा करून जाब विचारणार आहे!”

“आज येणार आहेत ते?”

“येऊ दे की! पाच मिनिटांत सोलून काढतो!”

“मग मोडू, साहेब?”

“मोडा!”

“नक्की ना? मागाहून मला बोल नको.”

“एकही फळी जागेवर दिसता कामा नये! मी जबाबदार!”

आणि मग आतून ठोके सुरू झाले. इकडे चष्मेवाले म्हणत, “अध्यक्ष महाराज, हा क्लब तुमच्या घरचा आहे का?” की तिकडे धाड! इकडे म्हणत, “कोचला दिसतं का हो?” की तिकडे धाड धाड! ठोक्यांनी भाषणाला असा काही जोर आला, की साडेचारपर्यंत ते तोंडपाठ झालं. कागदाचीही गरज उरली नाही. एकदा करवतीचा आवाजही आला, पण बिजागरी बसवायला करवत कशाला लागते, हा प्रश्न त्या वेळी त्यांना पडला नाही. तो पडायला हवा होता, हे त्यांनी पुढे अनेकदा कबूल केलं.

पावणेपाचला इस्त्रीचा शर्ट चढवून, मफलर आणायला त्यांनी मधलं दार उघडलं.

कपाट नव्हतं!

कपाट जिथे होतं तिथे भिंतीवर एक मोठा पांढुरका चौकोन होता. खोलीच्या चारी भिंतींना फळ्या टेकून उभ्या होत्या. चादरी, उशा, बायकोच्या कामाच्या फायली, अठरा वर्षांचे फोटो आणि तो मफलर, सगळं पलंगावर ढीग होऊन पडलं होतं. मधोमध सुतार घाम पुसत, काम मनासारखं झाल्याच्या समाधानात बसला होता.

“हे काय केलंत?” चष्मेवाल्यांचा आवाज फाटला.

“तुम्हीच म्हणालात, एकही जागेवर नको.”

“अहो, मी फुटबॉलचं बोलत होतो!”

“कुठला फुटबॉल?”

“कुठला म्हणजे? हिरव्यांचा! वीस वर्षं बघताय ना? ही टोपी घालून फिरताय!”

“ही होय?” सुतारानं टोपी काढून त्यांच्यापुढे धरली. तिच्या कडेला बारीक अक्षरांत लाकडाच्या डिंकाच्या कंपनीचं नाव होतं. “दोन डबे घेतले की एक टोपी फुकट मिळते. वीस वर्षं हाच डिंक वापरतोय. पण यंदा पकड राहिली नाही, म्हटलं ना मघाशी.”

चष्मेवाले पलंगावरच्या ढिगावर बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“पंधरा मिनिटांत होतं तसं करून द्या!”

“पंधरा मिनिटांत? सगळे सांधे सुटे केलेत, साहेब. दोन माणसांना तीन तास तरी लागतील. आणि मधली फळी…” सुतारानं मान खाली घातली. “ती मी मधोमध कापली. तुम्हाला तिचा फारच राग दिसला.”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? सरळ पाय धरले असते. चष्मेवाल्यांनी मधलं दार ओढून घेतलं, चेहऱ्यावर हसू चिकटवलं आणि सासऱ्यांच्या हातातली पिशवी घेतली. “या बाबा, बसा! मी जरा सभेला जाऊन येतो.”

“जा की,” सासरे म्हणाले. “मी आधी आत कपडे ठेवतो. माझ्यासाठी खालचा कप्पा रिकामा केलाय ना गं?”

“नको!” चष्मेवाले दारासमोर आडवे झाले. “आत… आत सध्या जरा…”

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. एका हातानं त्यांना बाजूला केलं आणि दुसऱ्या हातानं दार उघडलं. बायको आधी भिंतीकडे बघत होती, मग फळ्यांकडे, आणि मग नवऱ्याकडे. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

“मी काय सांगितलं होतं?”

“अगं, हे बघ,” चष्मेवाले म्हणाले, “हा संक्रमणाचा काळ आहे. पाया नव्यानं—”

आपल्याच तोंडातून काय बाहेर पडतंय हे कानावर आलं, तशी त्यांनी जीभ चावली. संतापानं त्यांचा चेहरा लाल झाला. या खेपेस तो संताप स्वतःवर होता, त्यामुळे काढायचा कुणावर तेही कळेना.

सुतार मात्र पुढे झाला आणि सासऱ्यांना नमस्कार घातला. “ही बांधणी तुमची का? मी साहेबांना सांगत होतो, चांगली आहे म्हणून. पण साहेब म्हणाले, ज्यानं केली त्याला जाड चष्मा चढवा. आज आला की सगळ्यांसमोर सोलून काढतो म्हणाले.”

“असं?” सासरे म्हणाले.

“नाही बाबा, ते कोचला!”

“कोच कोण?”

हे समजावून सांगायला आख्खा हंगाम सांगावा लागला असता, आणि घड्याळात सव्वापाच झाले होते. सासऱ्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. खाली वाकून त्यांनी एक फळी उचलली, सांध्यावर अंगठा फिरवला आणि सुताराला म्हणाले, “सांधा तोडला नाहीत, सोडवलात. हात चांगला आहे तुमचा.” मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या. “चला, उभं करू या. तिघं लागतील.”

“बाबा, मला सहाला—”

“अहो!” बायको म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या ‘अहो’पुढे अध्यक्ष, कोच आणि कार्यकारिणी एकत्र उभी केली असती तरी टिकली नसती. तरीही चष्मेवाल्यांनी मनात हिशेब केला. सभा सहाला, ठराव साडेसहाला, रिक्षानं दहा मिनिटं. सव्वासहाला निघालो तरी चालेल! ते फळ्या उचलायला धावले. आयुष्यात त्यांनी इतक्या रागानं इतकी मदत कुणालाच केली नव्हती. सहा वाजले. सव्वासहा वाजले. बाजू उभ्या राहिल्या, तळ बसला, आता मागची मोठी फळी लागायची होती.

“एवढी बसली की जाऊ?” त्यांनी विचारलं.

“एवढी बसली की जा,” सासरे म्हणाले. “मधली फळी नाही, त्यामुळे हिला आतून टेकू नाही. तुम्ही आत शिरा आणि पाठीनं दाबून धरा. हात वर करून वरची पट्टीही धरा. हललात तर सगळं माझ्या बोटांवर येईल.”

चष्मेवाले कपाटात शिरले, पाठ लावली, हात वर केले.

“आता तोंड उघडा.”

“का?”

“स्क्रू धरायला. माझा एकच हात मोकळा आहे, सुताराचे आणि तुमचे दोन्ही गुंतलेत. मी एकेक काढून घेईन.” आणि सासऱ्यांनी त्यांच्या ओठांत चार लांब स्क्रू ठेवले. “गिळू नका. एका विद्यार्थ्यानं एक गिळला होता.”

पावणेसातला टेबलावरचा फोन वाजला. कॅशियर! बायकोनं तो स्पीकरवर टाकून कपाटाजवळ धरला.

“अरे आहेस कुठे तू?” कॅशियर ओरडला. “झालं की सगळं! अध्यक्षांनी तीनदा विचारलं, कुणाची हरकत आहे का? सगळी सभा तुझ्या खुर्चीकडे बघत होती रे! कुणी उठलं नाही.”

“म्म्!” चष्मेवाले म्हणाले.

“मी कसा उठणार? माझं मागोमाग ठरलं होतं! आणि अध्यक्ष काय म्हणाले माहितेय? म्हणाले, ‘आपले सर्वांत कडक टीकाकार आज आले नाहीत, हा मी त्यांचा मूक पाठिंबा समजतो!’ टाळ्या पडल्या!”

“म्म्म्म्!!”

“हे बघ, अजून वेळ गेलेली नाही. सचिवांनी वही मिटलेली नाही. अध्यक्ष इथे माझ्या शेजारीच उभे आहेत, ऐकतायत. तुझी हरकत असेल तर आत्ता बोल. नुसतं ‘हरकत आहे’ म्हण, मतदान घ्यावंच लागेल त्यांना!”

दोन शब्द! बावीस वर्षांची निष्ठा, चार पत्रं, तोंडपाठ भाषण, आणि शेवटी हवे होते फक्त दोन शब्द! चष्मेवाल्यांचे डोळे बाहेर आले. पाठीवर फळी, हातांत पट्टी, खाली सासऱ्यांची बोटं. त्यांनी बायकोकडे जिवाच्या आकांतानं पाहिलं. बायकोला बोलता आलं असतं. तिनं एकदा भिंतीवरच्या त्या पांढुरक्या चौकोनाकडे पाहिलं, आणि ती बोलली नाही.

“म्म्म्म्म्!!!”

“काय म्हणाले?” पलीकडून अध्यक्षांचा जाड आवाज आला.

“हो म्हणाला वाटतं,” कॅशियर म्हणाला.

“छान! लिहून घ्या. एकमतानं.”

चष्मेवाल्यांनी जिभेनं पहिला स्क्रू ढकलला, तो पडला. दुसरा पडला. तिसरा दातांत अडकला, मग तोही पडला. चौथा बाहेर पडला तेव्हा फोन बंद झाला होता.

“हरकत आहे!” चष्मेवाले असे गरजले, की फळी थरथरली. “माझी हरकत आहे! जाहीर हरकत आहे!”

खाली गुडघ्यांवर बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली. चारही स्क्रू त्यांनी जमिनीवरून गोळा केले होते आणि आपल्या शर्टाला पुसले होते.

“कशाला हरकत आहे, जावईबापू?”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

“कशालाच नाही, बाबा,” ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.